मुठीतले धान्य आणि भिंतीवरचे नाव

तासगाव तालुक्यातील एका लहान संस्थेचे हिशेब मी गेली अकरा वर्षे पाहतो आहे. संस्था मुलींसाठी अभ्यासिका आणि एक छोटे ग्रंथालय चालवते. आमच्या पावती पुस्तकात रकमेच्या खाली ‘देणगीचे कारण’ असा एक रकाना होता. एकदा वार्षिक अहवालासाठी जुनी स्थळप्रत पावत्यांची थप्पी चाळत असताना त्या रकान्यात लोकांनी काय काय लिहिले आहे, याची मी सहज यादी केली. इमारत निधी, पुस्तके, पंखे, पाण्याची टाकी, वडिलांच्या वर्षश्राद्धानिमित्त मुलींना जेवण, नातवाच्या वाढदिवसाचे दप्तर, पुराच्या वर्षी वह्या. ‘वीजबिल’ एकदाच आले होते, आणि ते देणगीदार वीज मंडळातून निवृत्त झालेले होते. ‘ग्रंथपालाचा पगार’ मात्र अकरा वर्षांत एकदाही नव्हता, आणि अभ्यासिकेचे कुलूप रोज सकाळी सहाला उघडणारी व्यक्ती तीच आहे.

सांगली-साताऱ्याकडची माणसे देण्यात कंजूष आहेत, असे कोणी म्हणणार नाही. गावच्या यात्रेला, सप्ताहाला, शाळेच्या खोलीला, तालमीला इथे वर्गणी निघते, आणि ज्याच्या घरी दोन वेळची ओढाताण आहे तोही यादीत आपले नाव मागे राहू देत नाही. माझी तक्रार देण्याच्या प्रमाणाबद्दल नसून देण्याच्या वळणाबद्दल आहे. आपण वस्तूला देतो, प्रसंगाला देतो, आठवणीला देतो. जो माणूस ती वस्तू वर्षभर कामात ठेवतो, त्याच्यासाठी आपला हात खिशाकडे जात नाही. स्वयंसेवी संस्थांचा दुबळेपणा आणि बऱ्याच अंशी त्यांचा खोटेपणाही या एका सवयीतून येतो, असे हिशेबाच्या वह्यांशी इतकी वर्षे झटापट केल्यावर माझे मत झाले आहे.

याच जिल्ह्यांत देण्याचे एक वेगळे वळण शंभर वर्षांपूर्वी रुजले होते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ साली तिचे ठाणे साताऱ्याला हलवले. तिथल्या वसतिगृहात निरनिराळ्या जातींची मुले एका पंक्तीत जेवत होती. गांधीजींनी १९२७ साली भेट दिली आणि वसतिगृहाला छत्रपती शाहूंचे नाव मिळाले. या मुलांच्या पोटाला लागणारे धान्य ज्या मार्गांनी येई, त्यांतला एक म्हणजे मुष्टिफंड. घरातल्या बाईने जात्यावर बसण्याआधी मूठभर ज्वारी किंवा बाजरी वेगळ्या मडक्यात टाकायची आणि साठलेले धान्य वसतिगृहाच्या मुलांनी घरोघर फिरून गोळा करायचे, अशी ती साधी रीत होती. साधी असली तरी तिच्यात मोठी अक्कल होती, असे मला हिशेबनीस म्हणून वाटते. त्या मुठीला कारणाचा रकाना नव्हता. ते धान्य कोणत्या मुलाने खावे, हे देणारी ठरवत नव्हती. ती रोज देत होती, त्यामुळे संस्थेला पुढच्या महिन्याचा अंदाज बांधता येत होता. आणि मुले दाराशी येत असल्यामुळे ती कशी दिसतात, अंगावर काय घालतात, वाचायला शिकली की नाही, हे तिला कोणत्याही अहवालाशिवाय कळत होते.

लक्ष्मीबाई पाटलांनी मुलांच्या जेवणासाठी आपले दागिने, शेवटी मंगळसूत्रही मोडले, ही हकिकत आपण भाषणांतून इतक्यांदा ऐकली आहे की तिच्यातला हिशेब आपल्याला दिसेनासा झाला आहे. ते दागिने इमारतीसाठी गेले नाहीत. ते रोजच्या भाकरीसाठी, म्हणजे आजच्या लेखापालाच्या भाषेत चालू खर्चासाठी गेले. जिच्या त्यागाचे आपण गोडवे गातो, तिने नेमक्या त्याच सदरात पैसे घातले ज्या सदराला आज कोणी हात लावत नाही.

कर्मवीरांची आणखी एक गोष्ट या भागात सांगितली जाते. १९४७ साली साताऱ्यात महाविद्यालय उभे राहताना एका धनिकाने मोठी रक्कम देऊ केली, पण शिवाजी महाराजांच्या नावाऐवजी आपल्या माणसाचे नाव द्यावे अशी अट घातली. कर्मवीरांनी, वेळ पडल्यास मी स्वतःच्या बापाचे नाव बदलीन पण महाविद्यालयाचे बदलणार नाही, अशा आशयाचे उत्तर देऊन ती रक्कम परत पाठवली. सांगणाऱ्यागणिक तपशील थोडे बदलतात. ज्याच्यामागे हजारो मुठींचे धान्य आहे त्यालाच असा नकार परवडतो, हा तिच्यातला व्यवहार मात्र सांगणाऱ्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. आज आमच्यासारख्या संस्थेत कोणी पाच लाख घेऊन आला आणि सभागृहाला आजोबांचे नाव द्या म्हणाला, तर विश्वस्तांच्या बैठकीत चर्चा होईल ती फक्त अक्षरांच्या आकाराची.

आता कोणी म्हणेल की लोक वस्तूला देतात कारण वस्तू दिसते, आणि दिसते म्हणून खात्री वाटते. पंखा बसवला की तो फिरताना दिसतो, पगाराला दिलेला पैसा कोणाच्या घशात गेला हे कसे समजणार? हा आक्षेप मी हलका मानत नाही. आपल्या भाषेनेच त्याची साक्ष दिली आहे. ‘देणगी’ आणि ‘डोनेशन’ या शब्दांचा मूळ अर्थ एकच, पण मराठीत ‘डोनेशन’ म्हणजे प्रवेशासाठी मोजावी लागणारी रक्कम, असा त्याचा अर्थ केव्हाच झाला. १९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना राज्याने विनाअनुदानित तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी करून दिली. खेड्यातल्या मुलांना शिकायला परराज्यात जावे लागू नये, हा त्यामागचा हेतू खोटा नव्हता, आणि पुष्कळ घरांतला पहिला अभियंता त्या निर्णयामुळे झाला. पण चारच वर्षांनी, १९८७ साली, कॅपिटेशन फी, म्हणजे हेच ‘डोनेशन’, घेण्यास मनाई करणारा कायदा त्याच राज्याला करावा लागला. कागदावर धर्मादाय असलेली संस्था व्यवहारात एका घराण्याचे वतन कशी होते, विश्वस्तांच्या यादीत मुलगा, सून आणि मेहुणा कसे येत जातात, हे सहकाराच्या आणि शिक्षणाच्या या पट्ट्याला कोणी बाहेरून येऊन शिकवायला नको.

या अविश्वासावर कायद्याकडे जे औषध आहे ते कागदी आहे. आपल्याकडे बहुतेक संस्था १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली अशा दुहेरी नोंदलेल्या असतात. दर वर्षी लेखापरीक्षण करून हिशेब धर्मादाय कार्यालयात द्यायचे, विश्वस्त बदलला की बदल अर्ज द्यायचा, हे सर्व योग्यच आहे. परंतु लेखापरीक्षक प्रमाणके, म्हणजे खर्चाच्या पुराव्याचे कागद, तपासतो. प्रमाणकावर सही आहे की नाही हे त्याला दिसते, अभ्यासिका सहाला उघडते की आठला हे दिसत नाही. ज्यांना खोटे करायचे आहे त्यांची प्रमाणके नेहमीच सर्वांत नीटनेटकी असतात.

याउलट गावच्या यात्रेचा हिशेब पाहा. यात्रा झाल्यावर दोन-चार दिवसांत देवळासमोर माणसे जमतात आणि पंच वही उघडून वाचू लागतात. अमक्याची वर्गणी इतकी, तमक्याची बाकी, कुस्त्यांच्या इनामाला इतके, तमाशाला इतके, मांडवाला इतके, शिल्लक इतकी. मांडववाल्याचा आकडा जास्त वाटला तर कोणीतरी तिथल्या तिथे उठून बोलतो, कधी शब्दाने शब्द वाढतो, एखाद्या वर्षी हमरीतुमरीवरही प्रकरण जाते. हा प्रकार शोभिवंत नाही. त्यात बायकांना आणि गावकुसाच्या बाजूच्या वस्तीला बोलायला कितपत वाव असतो, हा वेगळा आणि गंभीर प्रश्न आहे. पण ज्याने पैसा दिला त्याला पैशाचा जाब उघड्यावर विचारता येतो, ही गोष्ट तिथे शाबूत आहे. नोंदणीकृत संस्थांच्या वार्षिक सभांत ती हरवली आहे. तिथे अहवाल ‘वाचला असे समजून’ मंजूर होतो आणि सभासद चहाकडे वळतात. आमच्याकडेही अनेक वर्षे असेच चालले होते, आणि त्याला मीही जबाबदार आहे.

देणारा पगाराला देत नाही, म्हणून संस्था काय करतात हे आता सांगायला हवे, कारण या विषयातली सर्वांत अवघड जागा ती आहे. पगार तर द्यावाच लागतो. मग तो दुसऱ्या नावाने दिला जातो. प्रशिक्षण शिबिराच्या खर्चात एका माणसाचे ‘मानधन’ बसवले जाते, प्रवासखर्चात कार्यालयाचे भाडे निघते, छपाईच्या सदरात वीजबिल सामावते. यात कोणी घरी पैसा नेलेला नसतो. पण खरे लिहिले तर पैसा मिळत नाही आणि खोटे लिहिले तर काम चालते, हे एकदा कळले की संस्थेतला सर्वांत सचोटीचा माणूसही दोन वह्यांत विचार करू लागतो. एका देणगीदाराच्या प्रतिनिधीने मला एकदा फोनवर सांगितले की, तुमचा ‘प्रशासकीय खर्च’ जास्त दिसतो, तो कमी करून अंदाजपत्रक पुन्हा पाठवा. खर्च कमी करा असे त्यांनी सांगितले नव्हते, कमी दाखवा असेच सांगितले होते. मी ते पाठवले. पैसा आला. त्या दिवसाची मला अजूनही थोडी लाज वाटते.

सरकारी नियमांनीही हीच दृष्टी पक्की केली आहे. परदेशी देणग्यांच्या २०१० च्या कायद्यात २०२० साली दुरुस्ती झाली आणि अशा देणग्यांतून होणाऱ्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर आणली गेली. त्याच दुरुस्तीने, परदेशी निधी मिळालेल्या मोठ्या संस्थेने तो पुढे लहान संस्थेला देण्यावर बंदी घातली. जत किंवा माण तालुक्यातल्या चार माणसांच्या संस्थेला परदेशी पैशाची स्वतंत्र परवानगी मिळवणे जमण्यासारखे नसते, मोठ्या संस्थेमार्फत येणारा पाटच तिच्यापर्यंत पोचत असे. गैरव्यवहार रोखण्याचा हेतू मान्य केला तरी बांध घालताना शेवटच्या वाफ्याचा विचार झाला नाही, एवढे म्हणावेच लागेल.

कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्वाच्या निधीची, ज्याला सगळे आता सरळ ‘सीएसआर’ म्हणतात, तऱ्हा थोडी निराळी आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम १३५ नुसार ज्या कंपनीची नक्त मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी यांपैकी एक मर्यादा गाठतो, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची असते. एप्रिल २०१४ पासून हे लागू आहे, आणि त्यामुळे या क्षेत्रात पूर्वी कधी नव्हता इतका पैसा आला हे खरे. पण कायदा असेही सांगतो की कंपनीने आपल्या कारखान्याच्या परिसराला प्राधान्य द्यावे. माणदेशात दुष्काळ आहे, मोठे कारखाने फारसे नाहीत. आटपाडी-जतला पाण्याची गरज आहे, नफ्याचा ताळेबंद नाही. ज्या भागाला उद्योगांनी आधीच टाळले, त्याला उद्योगांचे दानही टाळते, ही या प्राधान्याची स्वाभाविक परिणती आहे. शिवाय कंपनीला वर्षअखेरीस खर्च दाखवायचा असतो. म्हणून फेब्रुवारीत फोन येतो, मार्चमध्ये संगणक येतात, आणि पुढची दोन वर्षे ते संगणक शिकवणाऱ्याची वाट पाहत झाकून राहतात.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात मी सांगलीत होतो. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी पंचेचाळीस फुटांची, आणि कृष्णा सत्तावन्न फुटांच्या वर गेली होती. पाणी ओसरू लागले तसा महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून मदतीचा दुसरा पूर आला. तो पाहून डोळे भरून आले, हे आधी नोंदवतो, कारण पुढचे वाक्य कृतघ्न वाटू शकेल. पहिल्या आठवड्यात ज्या गावांत गाडी पोचू शकत होती तिथे बिस्किटांचे आणि पाण्याच्या बाटल्यांचे ढीग लागले, आतल्या वाड्यांवर काहीच पोचले नाही, आणि जुन्या कपड्यांचे गठ्ठे रस्त्याच्या कडेला चिखलात पडून राहिले. फाटकी साडी उलगडून पाहणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावरचा अपमान ज्यांनी पाहिला त्यांना तो विसरता येणार नाही. कोणत्या वाडीत किती माणसे, किती तान्ही मुले, कोणाला मधुमेहाचे औषध लागते, याची यादी ज्यांच्याकडे होती अशा मोजक्या संस्था आणि तरुण मंडळे तिथे होती. त्यांचे काम सर्वांत चोख झाले. ती यादी पुरात तयार होत नाही. ती त्याआधी चार-पाच वर्षे त्या वाड्यांवर जाणाऱ्या कुणा पगारी किंवा बिनपगारी माणसाच्या डोक्यात तयार झालेली असते.

त्याच पुरात, ८ ऑगस्टला, पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि डझनाहून अधिक माणसे बुडाली. २००५ चा पूर या नदीकाठाने पाहिलेला होता. मधल्या चौदा वर्षांत नदीकाठच्या प्रत्येक गावात चांगली बोट, पुरेशी जीवरक्षक जाकिटे आणि बोट चालवण्याचा सराव असलेली दहा पोरे ठेवणे, हे प्रथम शासनाचे कर्तव्य होते, यात वाद नाही. पण त्या चौदा वर्षांत आपल्या देणाऱ्या हातांनाही ते सुचले नाही. कोरड्या उन्हाळ्यात बोटीच्या सरावाला देणगी मागायला गेलो असतो तर लोकांनी आम्हाला वेड्यात काढले असते.

माणसाला देण्याची कल्पना आपल्याकडे कोणाला सुचलीच नाही, असे मात्र नाही. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर, डॉ. श्रीराम लागू, निळू फुले, बाबा आढाव या मंडळींच्या पुढाकाराने उभा राहिलेला सामाजिक कृतज्ञता निधी हा त्याचा नमुना आहे. नामवंत कलावंतांनी नाटकाचे प्रयोग गावोगाव करून निधी जमवला, त्याची ठेव केली, आणि तिच्या उत्पन्नातून पूर्णवेळ सामाजिक कार्यकर्त्यांना दरमहा मानधन सुरू केले. रक्कम फार मोठी नव्हती. पण कार्यकर्त्याच्या घरचा किराणा ही समाजाची जबाबदारी आहे, असे मान्य करणारा तो व्यवहार होता, आणि त्याचे नाव योजताना ‘मदत’ किंवा ‘साहाय्य’ न म्हणता ‘कृतज्ञता’ म्हटले गेले, यात देणारा वर आणि घेणारा खाली ही उतरंडच मोडली गेली. अशा निधीची जिल्ह्याजिल्ह्यांत नक्कल व्हायला हवी होती. ती झाली नाही. नक्कल झाली ती पुरस्कारांची. शाल, श्रीफळ आणि सन्मानचिन्ह यांवर या दोन जिल्ह्यांत वर्षाकाठी जितका पैसा खर्च होतो तितक्यात पुष्कळ कार्यकर्त्यांचे मानधन निघेल, असा माझा अंदाज आहे. तो अंदाजच आहे, पण कोणत्याही कार्यकर्त्याच्या घरी जाऊन कपाटावरच्या सन्मानचिन्हांची धूळ पाहावी.

इथपर्यंत मी पैशाच्या सदरांबद्दल बोलत आलो, पण प्रश्न सदरांपुरता नाही. पैसा कोणत्या अटीवर येतो यावर संस्था कोणाची होते हे ठरते. सांगलीतील संपदा ग्रामीण महिला संस्था, म्हणजे ‘संग्राम’, हिने १९९२ पासून वेश्याव्यवसायातील स्त्रियांबरोबर एचआयव्ही प्रतिबंधाचे काम उभे केले, आणि त्यातून त्या स्त्रियांची स्वतःची ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ संघटित झाली. अमेरिकेच्या २००३ च्या कायद्याने तिथल्या सरकारचा एड्सविषयक निधी घेणाऱ्या संस्थांना वेश्याव्यवसायाला विरोध असल्याची भूमिका जाहीर करणे बंधनकारक केले. ज्या बायकांच्या बरोबरीने काम करायचे, त्यांच्या जगण्याविरुद्ध लेखी प्रतिज्ञा करायची, असा तो पेच होता. संग्रामने २००५ साली तो निधी नाकारला. पुढे २०१३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही अट तेथील संस्थांपुरती घटनाबाह्य ठरवली, परदेशी संस्थांना मात्र ते संरक्षण नाही असे २०२० मध्ये सांगितले. म्हणजे वॉशिंग्टनमधल्या संस्थेला जे स्वातंत्र्य न्यायालयाने दिले, ते सांगलीतल्या संस्थेला स्वतःची झोळी रिकामी करून घ्यावे लागले. वेश्याव्यवसायाच्या प्रश्नावर वाचकाचे मत संग्रामपेक्षा वेगळे असू शकते, पण आपल्या लोकांशी प्रामाणिक राहण्यासाठी एवढी किंमत मोजणारी संस्था जिल्ह्यात आहे, हे जिल्ह्यातल्या फारच थोड्या देणगीदारांना माहीत आहे, आणि याचे मला वाईट वाटते.

नागरी समाज म्हणजे शासनाची कामे स्वस्तात करून देणारा कंत्राटदार, असे समजून अलीकडे त्याची वाखाणणी होते. पाण्याच्या प्रश्नावर ही गोष्ट चांगली दिसते. पाणी फाउंडेशनच्या जलसंधारण स्पर्धेत २०१६ साली कोरेगाव तालुक्यातील वेळू गावाने आणि २०१८ साली माण तालुक्यातील टाकेवाडीने पहिला क्रमांक मिळवला. उन्हाळ्याच्या पहाटे हजारो माणसांनी टिकाव-फावडे घेऊन डोंगरउतारावर चर खणले. ज्यांनी ते पाहिले त्यांनी गावात एवढी एकी पूर्वी पाहिली नव्हती, असे सांगितले आणि ते खोटे नाही. पण श्रमदानाचा हिशेबही दानाच्या हिशेबासारखाच विचारला पाहिजे. चर खणणाऱ्यांत भूमिहीन मजूर होता, त्याने एका दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडले. जिरलेले पाणी वर आले ते ज्याची विहीर आहे त्याच्या विहिरीत. मजुराला पुढे कामाचे चार दिवस जास्त मिळाले असतील, पण पाण्यावर हक्क मिळाला नाही. त्याने सर्वांत जास्त दान केले, आणि त्याच्या दानाची पावती कोणीच फाडली नाही.

हाच प्रश्न खानापूर तालुक्यात १९८० च्या दशकात विचारला गेला होता. येरळेच्या कोरड्या पात्रातली वाळू ठेकेदार उपसून नेत होते. मुक्तिसंघर्ष चळवळीने त्या उपशाला विरोध केला आणि गावानेच मर्यादित वाळू विकून त्या पैशातून बंधारा बांधावा, असा आग्रह धरला. बलवडी आणि तांदूळवाडीच्या लोकांनी वाळूची विक्री, श्रमदान आणि बाहेरच्या मित्रांची मदत यांच्या बळावर बळीराजा स्मृती धरण उभे केले. त्यांनी आधी ठरवले ते पाणीवाटप. ज्याला जमीन नाही त्यालाही पाण्याचा वाटा, असे ते सूत्र होते. इथेही देणगी होती, पण ती हक्काच्या लढाईला लागलेली ठिगळासारखी मदत होती. शासनाशी भांडण सोडून देऊन त्याच्या जागी ती आलेली नव्हती. मला संस्थांकडून अपेक्षा आहे ती या प्रकारची. म्हसवडच्या माणदेशी महिला सहकारी बँकेची सुरुवातही अशाच हट्टातून झाली. निरक्षर प्रवर्तक म्हणून रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज परत पाठवल्यावर त्या बायका लिहायला शिकल्या, पुन्हा गेल्या, आणि १९९७ मध्ये बँक उभी राहिली. त्यांना त्या वेळी शिलाई यंत्रे वाटणारे दाते पुष्कळ भेटले असते.

देणाऱ्याने काय करावे, असे मला विचारले तर माझे उत्तर फारच रुक्ष आहे. एकदा वीस हजार देण्यापेक्षा दरमहा दोनशे द्यावेत, कारण रुपये संपले की नव्या देणगीदाराला शोधण्यात जी शक्ती जाते ती वाचते. कारण लिहू नये. नाव कोरू नये. देणगीवर मिळणाऱ्या आयकर सवलतीचा विचार दोनशे रुपयांपुरता तरी सोडून द्यावा. ती अनेकदा निम्म्या रकमेचीच असते, दोन हजारांवरच्या रोख देणगीला मिळत नाही, आणि नव्या कररचनेत गेलेल्याला तिचा उपयोगच नाही. त्या बदल्यात दात्याने एक गोष्ट मात्र हट्टाने मागावी. वर्षातून एकदा संस्थेने पूर्ण हिशेब, पगारासकट, मोठ्याने वाचून दाखवावा, आणि ज्यांच्यासाठी संस्था चालते ती माणसे त्या वेळी समोर बसलेली असावीत. अविश्वासाने हात आखडता घेण्यापेक्षा अविश्वास घेऊन सभेला यावे.

गेल्या वर्षी नवी पावती पुस्तके छापताना आम्ही तो रकाना काढून टाकला. काही जण आता पावतीच्या मागे पेनाने ‘पंख्यासाठी’ असे लिहून देतात. १ मे रोजी अभ्यासिकेच्या अंगणात आम्ही यात्रेसारखा हिशेब वाचला. मुली होत्या, त्यांचे पालक होते, दहा-बारा देणगीदार होते. ग्रंथपालाचा महिन्याचा पगार मी वाचला तेव्हा मागे बसलेल्या एका आजींनी विचारले, “एवढ्यात ती पोरगी भागवती कशी?” मला उत्तर देता आले नाही. मग अर्धा तास त्यावरच बोलणे झाले, महिना दीड हजार वाढवायचे ठरले आणि वर्षाचे अठरा हजार बसलेल्यांतच घरटी वाटून टाकले. ऑगस्टअखेर त्यातले अकरा हजार जमा झाले आहेत. बाकीच्यांची यादी फळ्यावर लिहिली आहे.